रस्ता कुठल्या बाजूने अरुंद

३ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. तुझी खुशाली तुझ्या आईकडून कळत असते, म्हणून ती विचारण्यात कागद घालवत नाही. सरळ कामाचं लिहितो. मला गाडी चालवायचं लायसन्स काढायचं आहे. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या वर्कशॉपमधलं रंगकाम एप्रिलअखेर बंद होतंय. रस्त्यावरच्या पाट्या आता बाहेरून तयार येणार, पत्र्यावर चिकटवलेला चकचकीत कागद. ब्रशचं काम संपलं. आम्ही सहा रंगारी होतो, पाच निवृत्त झाले, उरलो मी. साहेबांनी दोन वाटा सांगितल्या. पाट्या बसवायला ट्रक जातो, त्यावर दोन माणसं असतात आणि दोघांकडेही लायसन्स लागतं. माझ्याकडे असेल तर मी ट्रकवर. नसेल तर स्टोअरला. स्टोअर तू पाहिलेलं नाहीस. एकही खिडकी नाही. नटबोल्ट, पाइप आणि पावत्यांचे गठ्ठे. तिथे चार वर्षं काढायची म्हणजे मी त्या मांडण्यांतलाच एक होऊन जाईन.

अठ्ठावीस वर्षं पाट्या केल्या, पण त्या जाऊन कुठे उभ्या राहतात ते कधी नीट पाहिलं नाही. शेवटची चार वर्षं तरी पाटीबरोबर बाहेर पडावं असं वाटतं. साहेब म्हणाले, सध्या शिकाऊ लायसन्स चालेल, पक्कं नंतर काढा. शिकाऊसाठी फक्त प्रश्नांची परीक्षा असते. तीस प्रश्न, सत्तावीस बरोबर हवेत. ट्रकवरच्या माणसांची यादी पंचवीस एप्रिलला लागते.

तू रोज लोकांना हेच शिकवतेस. मला पत्रातून शिकव. फोनवर नको. मी फोनवर बोलायला लागलो की मामी शेजारी बसून माझी वाक्यं पुरी करते.

तुझा मामा

---

९ मार्च

मामा,

नमस्कार. हसून झालं. मग चहा केला, पत्र पुन्हा वाचलं, आणि पुन्हा थोडं हसले. आता गंभीर.

पत्रातूनच शिकायचं हे मला पसंत आहे. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी उत्तरं हाताने लिहायला लावते. टिकमार्क करताना माणूस अंदाजपंचे दाहोदरसे करतो, लिहायला बसला की विचार करतो. तुला तर ब्रशची सवय, पेन म्हणजे काहीच नाही.

सोबत पंधरा प्रश्न पाठवते. सगळे पाट्यांचे आहेत. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जातात, तुला सगळ्यात सोपे जातील. म्हणून सुरुवात गोड करून देते आहे. पर्याय दिलेत, पण नुसता क्रमांक लिहू नकोस. तू गाडीत आहेस आणि ही पाटी समोर आली, तर तू काय करशील ते एका वाक्यात लिही.

माझं इकडे नेहमीचंच. छोटी लाल गाडी, दोन ब्रेक, त्यातला एक माझ्या पायाखाली. दिवसभर तोच दाबून संध्याकाळी उजवा पाय दुखतो.

आणि एक सांग, परीक्षा आधी कधी दिली नाहीस ना? दिली असशील तर तसं लिही, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते कळेल.

भिंगरी

---

१५ मार्च

भिंगरी,

परीक्षा आधी कधी दिली नाही. पंधराही उत्तरं लिहून पाठवतोय. वेळ लागला नाही. काही खाली पुन्हा उतरवतो, म्हणजे तुला तपासताना कौतुक करायला बरं.

प्रश्न १. लाल अष्टकोनी पाटी. उत्तर: ही साडेसातशे मिलिमीटरची आहे. लाल रंगाचे दोन हात, मग पांढरी अक्षरं. दुसरा हात पुरता वाळला नाही तर अक्षरांच्या कडा गुलाबी पडतात.

प्रश्न ४. पुढे शाळा. उत्तर: खांब शाळेच्या फाटकापासून पुरेसा लांब रोवलाय का ते बघेन.

प्रश्न ९. पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्याची जागा. उत्तर: थांबेन, उजवीकडे बघेन, डावीकडे बघेन आणि ओलांडेन.

प्रश्न १४. त्रिकोणात दोन रेघा, एक सरळ आणि एक आत वळलेली. तू विचारलंयस, रस्ता डावीकडून अरुंद होतो की उजवीकडून. उत्तर: दोन्ही नाही. ही फुटकी बाटली. रस्ता थोडा अरुंद आहे एवढंच ती सांगते. जास्त अरुंद असेल तर दोन्ही रेघा आत वळतात, तिला आम्ही अख्खी बाटली म्हणतो. तुझा प्रश्नच चुकीचा छापलाय. पुस्तकवाल्यांना कळव.

तुझा मामा

ता. क. पाकीट मी चिकटवते, म्हणून ही ओळ माझी. हे फेब्रुवारीत एकदा परीक्षेला बसलेत. तीसपैकी अकरा. घरी येऊन म्हणाले, कॉम्प्युटर बिघडला होता. तू विचारलंस म्हणून सांगितलं. — मामी

---

२० मार्च

मामा,

अकरा! आणि मला लिहितोस, कधी दिली नाही. मामीला माझा साष्टांग नमस्कार सांग. पाकीट यापुढेही तिनेच चिकटवावं.

तुझा निकाल: पंधरापैकी चार. पण मी नाराज नाही, कारण तू का चुकतोस ते मला स्वच्छ कळलं. चुकतात सगळेच, पण तुझ्यासारखं चुकताना मी अजून कोणाला पाहिलं नाही. तू प्रत्येक पाटीपुढे उभा आहेस. हातभर अंतरावर, मान वर करून. रंग बघतोस, खांब बघतोस. पादचाऱ्यांची पाटी आली तर स्वतःच रस्ता ओलांडून पलीकडे गेलास! मामा, तू फुटपाथवर आहेस. गाडीत बस.

हे खरोखर कर. खुर्ची घे, भिंतीसमोर मांड. हातात ताट धर, ते स्टिअरिंग. मामीला पाट्यांचं पुस्तक घेऊन लांबून चालत यायला सांग. पाटी दिसली की पाय काय करेल, हात काय करतील, ते तोंडाने बोल. पाटी कशी केली ते बोललास तर मामीने पुस्तक मिटायचं.

आता चौदावा. पुस्तक बरोबर आहे, चुकलास तू. आत वळलेली रेघ ज्या बाजूला, त्या बाजूने रस्ता अरुंद. डावी रेघ वळली तर डावीकडची जागा कमी होणार, म्हणून उजवीकडे सरकायचं, समोरून कोणी येत नाही ना ते बघत. उजवी वळली तर याच्या उलट. थोडा-फार असा काही प्रकार नाही. फुटकी बाटली म्हणे! पण नाव झकास आहे. वर्गात वापरेन.

भिंगरी

---

२६ मार्च

भिंगरी,

खुर्ची मांडली. ताट धरलं. मामी दिवाणखान्याच्या दारातून पुस्तक घेऊन येते आणि मी म्हणतो, वेग कमी, आरसा, डावा पाय. पहिल्या दिवशी तिने अकरा वेळा पुस्तक मिटलं. काल दोनदाच. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, मला ताट फिरवताना पाहिलं, आणि साखर न घेताच गेल्या. मामी म्हणते, उद्या सगळ्या मजल्यांवर निरोप पोचलेला असेल.

फेब्रुवारीबद्दल काय लिहू? अकरा हा आकडा लिहवेना. आता पुन्हा अठरा एप्रिलची तारीख घेतली आहे.

बाकी सगळं पटलं. चौदावा पटत नाही. तू मला तो प्रश्न शिकवू नकोस, मी त्या पाटीच्या चारशे तरी केल्या असतील. आमच्याकडे तिची एकच छाप आहे. छाप म्हणजे पत्र्यात आकार कापलेला असतो, तो पाटीवर ठेवून वरून रंग मारायचा. सारख्या एकाच बाजूने मारलं की रंगाच्या थराने पत्रा हळूहळू वाकतो आणि कडा फाटतात. त्यावर मी एक युक्ती काढली. वीस पाट्या झाल्या की छाप धुवायची आणि उलटी करून पुढच्या वीस मारायच्या. पत्रा सरळच्या सरळ. बावीस वर्षांत ती छाप बदलावी लागली नाही. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. पुढे अक्षरं आणि बाण सोडून बाकीच्या छापाही तशाच वापरायला लागले.

बाणांच्या पाट्यांचं वेगळं. बाण डावा-उजवा असतो एवढं आम्हालाही कळतं, त्यांच्या छापा दोन. पण बाटली इकडून फुटकी काय, तिकडून काय. स्टोअरच्या वहीतही एकच नाव आहे, 'अरुंद'. बसवणाऱ्यांना गठ्ठ्यातली वरची मिळते, ती ते लावतात. बाजूला काही अर्थ असता तर एवढ्या वर्षांत कोणीतरी बोललं असतं.

तुझा मामा

---

१ एप्रिल

मामा,

पत्र मिळालं. पुढचे वीस प्रश्न पाठवते. यात पाट्या कमी आहेत. अंतर, वेग आणि चौकात आधी कोण जायचं याचे जास्त आहेत.

चौदाव्याचं पुस्तकातलं उत्तरच परीक्षेत लिही. त्यावर जास्त विचार करत बसू नकोस. तुझी तारीख अठरा एप्रिल आहे, दिवस थोडे आहेत. बाकीच्या सरावाकडे लक्ष दे.

मामीला नमस्कार.

भिंगरी

---

६ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र एका पानाचं आणि त्यात एकही टोमणा नाही. मामी म्हणाली, पोरीला बरं नाही वाटतं. मी म्हटलं, कामात असेल. पण ते पत्र खिशात घेऊन मी दोन दिवस फिरत होतो.

रविवारी बाहेर पडलो. आमच्या भागात फुटक्या बाटलीच्या सात पाट्या आहेत, कुठे कुठे ते वहीतून उतरवून घेतलं. बसने आणि पायी सगळ्या बघून आलो. या वेळी पाटीसमोर उभा राहिलो नाही. तू म्हणतेस तसा गाडीत बसल्यासारखा, लांबून चालत आलो. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी पाण्याच्या टाकीजवळची. पाटीवर डावी रेघ आत वळलेली, आणि रस्ता खाल्लाय तो उजवीकडच्या भिंतीने. मी तीनदा मागे जाऊन पुन्हा चालत आलो. एक रिक्षावाला थांबून विचारायला लागला, काका, काही पडलंय का?

सातांपैकी चार उलट्या आहेत. तीन बरोबर, त्याही नशिबाने.

म्हणजे फुटकी बाटली थोडा अरुंद आणि अख्खी बाटली जास्त अरुंद असं काही नव्हतंच. ते आम्ही सहा जणांनी चहा पिताना ठरवलं आणि मग तेच खरं धरून चाललो. आणि छाप उलटली की वळलेली रेघ दुसऱ्या बाजूला जाते. ती उलटायची युक्ती दुसऱ्या कोणाची नाही, माझी.

वहीत अजून एक नोंद सापडली. सहा वर्षांपूर्वी तुमच्या गावाला चाळीस गेल्या आहेत. एक ओढ्यावरच्या पुलाशी लावली असं लिहिलंय. तो तुझ्या क्लासच्या वाटेवरच असेल. जाऊन बघ आणि खरं काय ते कळव.

मामा

---

११ एप्रिल

मामा,

जाऊन बघायची गरज नाही. ती पाटी उलटी आहे. मला दोन वर्षांपासून माहीत आहे.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र वाचलं आणि ती तुझ्याच छापेची असणार हे कळलं, म्हणून तुला ते कोरडं पत्र लिहिलं. परीक्षा होऊ दे, मग बघू, असं मनात होतं. आता सगळं सांगते.

त्या पुलावरून मी रोज चार-पाच जणांना नेते. पुलाचा कठडा डावीकडून रस्त्यात घुसलाय आणि पाटी म्हणते उजवीकडून अरुंद. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला गंमत वाटली. पुढे तो माझ्या वर्गातला ठरलेला विनोद झाला. पुलाजवळ आलं की मी म्हणायचे, "ही पाटी ज्याने रंगवली ना, त्याला गाडीत बसवून इथून एकदा न्यायला हवा." सगळे हसायचे. ती तुझ्या वर्कशॉपमधून आली असेल हे डोक्यात आलं नाही. आणि मामा, मी ती कुठे कळवलीही नाही. विनोद चांगला चालला होता.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक नर्सबाई शिकायला होत्या. शांत, मन लावून शिकणाऱ्या. त्यांचे धडे दवाखान्याच्या बाजूला व्हायचे, पुलाच्या रस्त्याने आमचं जाणं झालं नव्हतं, त्यामुळे विनोद त्यांनी ऐकला नव्हता. गाडीच्या परीक्षेत त्यांना नेमकं त्या पुलावरून नेलं. त्यांनी पाटी वाचली आणि डावीकडे सरकल्या. कठड्याला आरसा लागून फुटला. कोणाला इजा नाही, पण नापास. रडत माझ्याकडे आल्या, "मॅडम, मी पाटी बघूनच घेतली हो." मी काय म्हणावं? म्हणाले, "पाटी काय बघता, रस्ता बघा." त्या पुन्हा आल्या नाहीत.

तू चुकलास ते न कळून. मी कळून गप्प बसले.

आता मी सांगते ते ऐक. अठराला परीक्षा दे. पंचवीसला यादी लागू दे. एकदा ट्रकवर नाव आलं की सव्वीसला साहेबांना सांग आणि स्वतःच्या हाताने त्या पाट्या बदलत फिर. सहा वर्षं उभी आहे, आणखी पंधरा दिवसांनी काय बिघडतं? तोवर मी त्या पुलावर प्रत्येकाला सांभाळून नेते.

भिंगरी

---

१४ एप्रिल

भिंगरी,

तू फक्त तुझ्या चार-पाच जणांना सांभाळशील. बाकीचे पाटी वाचूनच जाणार.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी साहेबांकडे गेलो. साहेब वयाने माझ्या मुलासारखे आहेत, मला काका म्हणतात. आधी त्यांना कळेचना. मग मी ती छाप त्यांच्या टेबलावर ठेवली आणि उलटी केली. ते खुर्चीत मागे टेकले.

"काका, हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"ही पद्धत कोणी पाडली?"

"मी."

"सहा जण होतात तुम्ही. तुमचंच नाव कशाला घेता?"

"पाठ माझीच थोपटली होती."

ते पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "तुम्ही तोंडी सांगितलंत, त्यावर मी चारशे पाट्या तपासायला माणसं लावू शकत नाही. बाहेरून लेखी तक्रार आली तर फाइल होते. पण फाइल झाली की चौकशी, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाचं नाव ट्रकच्या यादीत जात नाही. पंचवीसनंतर तक्रार आली तर यादी आधीच लागलेली असेल. मी काय म्हणतो ते कळतंय ना?"

कळत होतं. तू जे म्हणालीस तेच तेही म्हणत होते, आणि दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होता. घरी येऊन मी खुर्चीवर बसलो, ताट न घेताच. मामीने विचारलं, "काय झालं?" सांगितलं. ती उठून आत गेली. जेवायलाही आपली आपण बसली.

भिंगरी, तक्रार तू लिही. पुलाची जागा, पाटीवर काय आहे, रस्ता कसा आहे, नर्सबाईंचं काय झालं, सगळं. आणि आत्ताच लिही, सव्वीसला नको. त्यात मामा हा शब्द येऊ देऊ नकोस. तू मोटार शिकवणारी बाई आहेस आणि तुझ्या रस्त्यावर चुकीची पाटी आहे, बस्स.

अठराला परीक्षेला जाणारच आहे. आता कशाला, असं विचारशील. सत्तावीस येतात का ते बघायचंय.

मामा

---

१६ एप्रिल

मामा,

सोबत नक्कल जोडली आहे. मूळ पत्र रजिस्टर करून पाठवलं. पाकीट घेऊन पोस्टाच्या दारातून दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा आत गेले.

भिंगरी

(नक्कल)

मा. अभियंता, रस्ते विभाग, यांस

विषय: ओढ्यावरील पुलाजवळची चुकीची सूचना पाटी

महोदय,

मी मोटार चालवण्याचं प्रशिक्षण देते. आमच्या गावात ओढ्यावरील पुलाच्या अलीकडे 'रस्ता अरुंद' ही पाटी आहे. तिच्यावर रस्ता उजवीकडून अरुंद होत असल्याचं दाखवलं आहे. प्रत्यक्षात तो डावीकडून अरुंद होतो. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने पाटीप्रमाणे गाडी डावीकडे घेतली आणि ती कठड्याला घासली. विद्यार्थिनीची चूक नव्हती.

ही पाटी चुकीची असल्याचं मला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी आजवर कळवलं नाही, ही माझी चूक आहे. अशा प्रकारच्या सर्व पाट्या तपासून घ्याव्यात, ही विनंती.

मोटार प्रशिक्षक

---

२६ एप्रिल

भिंगरी,

अठ्ठावीस. तीसपैकी अठ्ठावीस. कॉम्प्युटर या वेळी उत्तम चालला.

चुकलेले दोन्ही गाडीचा दिवा कधी मंद करायचा याचे होते. आपल्या खुर्चीला दिवा नव्हता, त्याला मी काय करणार?

काल यादी लागली. ट्रकवर दुसऱ्या दोघांची नावं आहेत. माझ्या हातात वेगळा कागद: चौकशी पूर्ण होईपर्यंत स्टोअर, आणि नंतरचा निर्णय नंतर. साहेबांनी स्वतः आणून दिला. म्हणाले, "तक्रार मुद्देसूद होती. लिहिणारी बाई कोण आहे कोण जाणे, स्वतःचीही चूक लिहून मोकळी झाली." मी म्हटलं, "असतात अशी माणसं." फुटकी बाटली जिथे जिथे गेली त्या सगळ्या जागांची यादी मागवली आहे. वहीतून ती मीच काढून देतोय.

साहेबांना सांगून आलो त्यानंतर मामी दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या स्टोअरमध्ये पंखा तरी आहे का?" मी म्हटलं, आहे. म्हणाली, "मग ठीक आहे." तेवढ्यावर मिटलं.

वाईट वाटतंय का विचारशील. वाटतंय. सकाळी ट्रक गेटातून बाहेर पडताना बघितला की वाटतं. खोटं कशाला लिहू?

मामा

---

२० मे

मामा,

काल पुलावरची पाटी बदलली. दोन माणसं आली, जुनी उतरवली, नवी लावली, अर्ध्या तासात काम झालं. मी गाडी कडेला लावून पाहत होते. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, काय चाललंय?" मी त्याला सगळं सांगितलं, मी गप्प बसले होते तेही. तो हसला नाही. बरं वाटलं.

संध्याकाळी नर्सबाईंकडे गेले. दवाखान्याच्या मागच्या बाकावर बसलो. माझं बोलणं त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं." मी हो म्हटलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा स्वतःशीच म्हटलं. वर्षभर त्या बसने येतात-जातात, दोन गाड्या बदलून. परत शिकायला या, असं म्हणायला मला तोंड नव्हतं. उठताना त्यांनीच क्लासच्या वेळा विचारल्या. येतील की नाही, माहीत नाही.

तू मात्र यायचंस. शिकाऊ लायसन्स काही भिंतीवर लावायला काढलेलं नाहीस. दर रविवारी नऊची बस पकड. गाडीत दोन ब्रेक आहेत, त्यामुळे मामीला म्हणावं काळजी नको.

भिंगरी

---

३० जून

भिंगरी,

गेल्या रविवारच्या धड्यानंतर डावी पोटरी अजून दुखते. क्लच हा प्रकार ताटाला नव्हता. पण एक गोष्ट तिथे बोललो नाही, ती लिहितो. आपण बाजाराच्या वळणावर आलो, माझीच एक जुनी पाटी समोर आली आणि गेली. मोजून तीन सेकंद. तिच्या कडेच्या काळ्या रेघेवर मी कधीकाळी अर्धा दिवस घालवला असेन. ती रेघ दिसलीसुद्धा नाही.

स्टोअरचं सांगतो. पहिले पंधरा दिवस जड गेले. दिवा लावल्याशिवाय हात दिसत नाही. मग नव्या पाट्यांची खेप आली. एकेक पाटी उघडून मी वहीत लिहायला बसलो. कंपनीच्या खोक्यावरही नुसतं 'अरुंद' लिहिलेलं! आत दोन्ही बाजूंच्या एकत्र. मी खोकी फोडली, डाव्या डावीकडच्या मांडणीवर लावल्या, उजव्या उजवीकडच्या, आणि वहीत दोन रकाने आखले.

दुसऱ्या दिवशी ट्रकवरचा आला. म्हणाला, "काका, अरुंदच्या दोन द्या."

"कुठल्या बाजूच्या?"

"द्या हो कुठल्याही. दोन हव्यात."

"गाडी कुठून येते?"

"कुठली गाडी? ट्रक बाहेर उभाय."

"तुझा ट्रक नाही. त्या रस्त्यावरची. येणाऱ्याला डावीकडे जागा कमी आहे की उजवीकडे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू याचं डोकं अंधारात बसून फिरलंय. "पाटी घ्यायला आलोय की परीक्षेला बसलोय?"

"पर्याय दोनच आहेत. सांग आणि घेऊन जा."

त्याला सांगता येईना. मी सही केली नाही. माझ्या सहीशिवाय स्टोअरमधून खिळा बाहेर जात नाही, हे मला आत्ता आत्ता कळलंय. तणतणत साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला रस्ता बघून यायला पाठवला. महिनाभर असंच चाललंय. ट्रकवरचे मला तोंडावर मास्तर म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते विचारत नाही. मामी म्हणते, एकदा अकरा मार्क मिळालेला मास्तर पहिल्यांदा पाहिला.

चौकशी अजून चालू आहे. ती संपली की ट्रकसाठी पुन्हा अर्ज कर, असं साहेब म्हणतात. करीन. पण आता घाई नाही.

काल तोच ट्रकवाला आला. मी मान वर करून तोंड उघडायच्या आत म्हणाला, "दोन द्या, मास्तर. एक डावीची, एक उजवीची. दोन्हीकडून चालत जाऊन बघितलंय."

मी उठलो, दोन्ही मांडण्यांवरून एकेक काढून दिली आणि पावतीवर सही केली.

मामा